फिन्बोगीच्या पिंपातली पाकट

फिन्बोगीला स्वप्नं पडायची ती वासांची. माणसं दिसत नसत, होड्या दिसत नसत, गेलेली बायकोसुद्धा दिसत नसे. नुसता वास यायचा. दुपारी ताटलीत चिवडाचिवड करून झाली की तो खिडकीजवळच्या बाकावर आडवा व्हायचा, लोकरीची शाल पायांवर ओढायचा, आणि डोळा लागला की कुठूनतरी कापलेल्या ओल्या गवताचा वास सुरू व्हायचा. मग डांबर फासलेल्या होडीचा. मग साल्व्योरच्या, म्हणजे बायकोच्या, हातच्या पातळ धिरड्यांचा, तव्यावर लोणी तांबूस होताना येतो ना, तो. त्या वासात तो तरंगत राही आणि झोपेतच तोंडाला पाणी सुटे. जाग यायची तेव्हा उशीचा कोपरा ओला झालेला असे आणि खोलीत कसला म्हणून वास नसे. बाहेर निळसर उजेड, समोर डोंगर, खाली खाडीचं काळं पाणी. नोव्हेंबरात सूर्य त्या डोंगराआड गेला की जानेवारी सरेपर्यंत आमच्या गावाला तोंड दाखवत नाही. त्या दिवसांत स्वप्न कुठं संपलं आणि दुपार कुठं सुरू झाली हे धडधाकट माणसालाही नीट सांगता येत नाही. फिन्बोगी तर ऐंशीला टेकलेला.

जेवण जात नव्हतं, ही खरी रड. पण ते कबूल करील तर तो फिन्बोगी कसला! त्याच्या मते दोष अन्नाचा होता. दुकानातल्या मटणात आता जीव राहिला नाही. बटाटे पाणचट. कॉफीत हे लोक काहीतरी भेसळ करतात. माशांचं म्हणाल तर समुद्रच बिघडला, त्याला मासे काय करणार? नाचता येईना अंगण वाकडं, तसली ही तऱ्हा. मिठाची बरणी मात्र आठवड्याला रिकामी व्हायची. एकदा नासकं दूध कॉफीत घालून त्यानं अर्धा कप पिऊन टाकला, तेही पांढऱ्या गुठळ्या तरंगताना दिसल्या म्हणून थांबला. विजारीच्या पट्ट्याला नवी भोकं पाडायची म्हणून हातोडी आणि खिळा स्वयंपाकघरातच पडून असे.

गावात फिरणारी नर्स त्याला काट्यावर उभं करायची आणि आकडा बघून ओठ मिटून घ्यायची. ती फोन करायची सोलरूनला. सोलरून ही त्याची एकुलती एक मुलगी, दक्षिणेला राजधानीत राहणारी, शिवणकाम करणारी, बापासारखीच हट्टी. आई गेल्यापासून बाबानं हाय खाल्ली आहे, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एक खोली तिनं बापासाठी रिकामी करून ठेवली होती, आणि दर रविवारी फोनवर ती त्याला त्या खोलीची आठवण करून द्यायची. रविवार आला की फिन्बोगी फोन उचलायच्या आधी खाकरून आवाज जाड करून घ्यायचा आणि आज काय काय हादडलं त्याच्या थापा मारायचा.

असा हा माणूस, पण त्याच्या नाकाचा खाडीत दबदबा होता. नाताळच्या आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी संत थोरलाकचा दिवस येतो, आणि त्या दिवशी आमच्याकडे मुरवलेली पाकट खाल्ल्याशिवाय भागत नाही. पाकट मारून आणायची ती ह्याल्तीनं आणि मुरवायची ती फिन्बोगीनं, अशी वाटणी दोघं एका बोटीवर होते तेव्हापासूनची. मीठ नाही, मसाला नाही. पाकटीच्या पंखांचे तुकडे पिंपात एकावर एक रचायचे, वर गोणपाट टाकायचं आणि किनाऱ्यावरच्या खोपटात पिंप सोडून द्यायचं. मासा आतल्या आत असा काही मुरतो की गोणपाट उचललं की डोळ्यांतून पाणी येतं आणि टाळकं सणकतं. कमी मुरला तर तोंडात नुसता चोथा. जास्त मुरला तर टाळू सोलून निघते. मधला तो नेमका दिवस दुसरं कुणी सांगत नाही, नाक सांगतं. आधी फिन्बोगीच्या आईचं नाक सांगायचं, मग फिन्बोगीचं.

गेली काही वर्षं तो खोपटात जाई, गोणपाट उचली, पिंपावर वाकून लांब श्वास घेई आणि म्हणे, "अजून नाही." आठवड्यानं पुन्हा, "अजून नाही." पाकटसुद्धा पूर्वीची राहिली नाही, असं म्हणत तो गोणपाट झाकून घरी जाई. आणि आमच्या खाडीत एक मोठं खूळ आहे, ते आधी सांगून ठेवायला हवं. पाकट जहाल झाली असं इथं कुणी म्हणायचं नसतं. जहाल म्हणेल तो दक्षिणेचा. टाळू जळाली, डोळे फुटायला आले, तरी म्हणायचं, "वा, झकास! अजून थोडी मुरली असती तरी चाललं असतं." बापानं म्हटलं म्हणून पोरानं म्हणायचं. यात शहाणपण किती ते विचारू नका.

तर त्या वर्षीच्या थोरलाकला नेहमीप्रमाणे ह्याल्तीच्या बोटखोपीत मोठं टेबल मांडलं होतं. पाकट घरात शिजवत नाहीत. वास भिंतींना धरतो. टेबलावर उकडलेले बटाटे, काळा पाव, मेंढीची वितळवलेली चरबी, आणि मधोमध वाफाळती पाकट. सोलरूनही आली होती. ती दरवर्षी नाक दाबून एक घास घ्यायची आणि बटाट्यांवर भागवायची. फिन्बोगीनं पहिला घास तोंडात घातला, आणि जिभेला, टाळूला, नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या कोपऱ्यांत एकदम काहीतरी जागं झालं. झोंबलं. आहाहा! वर्षभर चिमणीसारखं टिपणारा माणूस, त्या दिवशी त्यानं दोन ताटल्या चापल्या आणि तिसरीकडे बघितलं. आसपास सगळ्यांचे डोळे वाहत होते. ह्याल्ती रुमालानं गाल पुसत, गिळत, पुन्हा पुसत म्हणाला की अशी पाकट सात खाड्यांत मिळायची नाही. फिन्बोगीला इतकं बरं वाटलं की त्यानं ब्रेनिव्हीन दारूचा आणखी एक घोट घेतला.

पाकटीनंतरची पायरी ठरलेली. सगळे उठून शेजारच्या दागनीच्या स्वयंपाकघरात जातात. दागनी म्हणजे माशांच्या कारखान्याचं स्वयंपाकघर आयुष्यभर चालवलेली बाई. नवरा समुद्रात गेला, जीभ मात्र धारदार राहिली. तिच्या चुलीवर त्या वेळी मेंढीचं धुरी दिलेलं मटण शिजत असतं. पाकटीचा वास अंगातून, केसांतून, घरातून घालवायला हे एकच औषध. दार उघडलं की तो गोडसर धुराचा वास अंगावर येतो, माणसं उंबऱ्यातच थांबतात, डोळे मिटतात, आणि कुणीतरी म्हणतं, आला, नाताळ आला. घंटा वाजो न वाजो, आमचा नाताळ तिथं सुरू होतो.

सगळे थांबले. डोळे मिटले. ह्याल्ती म्हणाला, "आला." फिन्बोगीही थांबला आणि वाट बघत राहिला. मागची दोन-तीन वर्षं तो वास विरळ झाला होता, पण यायचा; धुरी देणाऱ्यांना हल्ली धीर नाही, असं म्हणून तो समाधान करून घ्यायचा. या वर्षी तो थांबला, थांबला, आणि काहीच आलं नाही. त्याला वाटलं, चूल अजून पेटलीच नसेल.

"दागनी," तो आत येत म्हणाला, "मटण चढवणार कधी? की यंदा नाताळ रद्द केलास?"

एक-दोघं हसले. मग त्याचा चेहरा बघून हसायचे थांबले. मटणाचं भांडं त्याच्या कोपराशी चुलीवर रटरटत होतं, झाकण थडथड उडत होतं. फिन्बोगीनं मान वळवून ते बघितलं. झाकण हातानं उचललं, बोटं भाजली तरी सोडलं नाही, आणि तोंड वाफेत घातलं. गरम लागलं. ओलं लागलं. बाकी काही नाही. बराच वेळ तो तसाच वाकून उभा राहिला; शेवटी दागनीनं त्याचा खांदा धरून मागे ओढलं.

मग डॉक्टरकडे जाणं झालं. डॉक्टरनं सांगितलं की वयाबरोबर गुडघे जातात तसं नाक जातं, हळूहळू जातं म्हणून माणसाला कळत नाही, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातली बरीचशी नाकाचीच असते; झोंबणं, गार-गरम तेवढं मागे उरतं. ते परत येईल असं काही त्यानं म्हटलं नाही. सोलरूननं सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाली की आता वाद नको. वर्षभर बघू. पुढच्या थोरलाकपर्यंत अंगावर मूठभर मांस चढलं तर ठीक, नाही तर बाबा, माझ्याबरोबर चलायचं. तिच्या इमारतीत पाकट शिजवायला बंदी होती, रहिवाशांनी ठरावच केला होता. ते तिच्या लक्षात नव्हतं. फिन्बोगीच्या होतं.

सोलरून परत गेल्यावर तो दागनीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"मला एक सांग," तो म्हणाला. "नाक नव्हतं, मग पाकट कशी मुरवत होतो मी?"

दागनीनं हात पदराला... छे, आमच्याकडे कुठला पदर, एप्रनला पुसले. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा दोष आहे.

"जास्त," ती म्हणाली.

"किती जास्त?"

"मागच्या वर्षी ह्याल्तीची टाळू सोलून निघाली. नाताळभर थंड चक्का खाऊन होता तो. माझीही निघाली."

"आणि एकानंही सांगितलं नाही मला?"

"आधी लाज वाटली म्हणून नाही सांगितलं. जहाल झाली असं म्हणणार कोण? मग कळलं तुझं काय झालंय ते. वर्षाकाठी तू पोटभर जेवतोस तो एकच दिवस, फिन्बोगी. तेवढा बघायला मिळायचा आम्हाला. त्यावर कोण पाणी ओतणार?"

दुसरा कुणी असता तर त्याचा ऊर भरून आला असता. फिन्बोगीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे इतकी वर्षं हे सगळे रडत होते आणि त्याला वाटत होतं की वाहवा चाललीय! एका म्हाताऱ्याला जेवू घालण्यासाठी गाव तोंड भाजून घेत होतं, आणि तो मिशा पुसत फुशारकी मारत होता. त्याला भीक घातल्यासारखं वाटलं. लाज अशी वाटली की कान तापले. तो दागनीला काहीबाही बोलला, पिंप फोडून जाळून टाकतो म्हणाला, आणि बर्फातून पाय आपटत घरी गेला.

त्यानंतर ह्याल्ती दारावर आला की फिन्बोगी आतून कडी लावायचा. जेवण आणखी कमी झालं. आता दोष द्यायला अन्नही उरलं नव्हतं; बटाटा काही पाणचट नव्हता, समुद्र काही बिघडला नव्हता. तोंडात घास म्हणजे ओल्या कागदाचा बोळा, तो किती वेळ चघळायचा? आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुपारी बाकावर पडलं तरी स्वप्नं येईनात. गवत नाही, डांबर नाही, लोणी नाही. शाल ओढून तो निळ्या उजेडात छताकडे बघत पडायचा, आणि तिकडची खोली कशी असेल याचा विचार करायचा. खिडकीतून समुद्र दिसतो असं सोलरून म्हणाली होती. दुसऱ्याचा समुद्र.

जानेवारी सरता सरता सूर्य येतो. डोंगराच्या खाचेतून जेमतेम दहा मिनिटं डोकावतो आणि जातो, पण तेवढ्यासाठी घरोघर कॉफी होते, धिरडी होतात. ती सूर्याची कॉफी. त्या दिवशी दागनी फिन्बोगीच्या घरात शिरली ती दार न ठोठावता. हातात तवा, काखेत पिठाचं भांडं. तो म्हणाला की कशाला शीण करतेस, मला काही कळायचं नाही. ती म्हणाली, नको कळू दे, मी माझ्यासाठी करतेय, तुझ्या खिडकीतून सूर्य चांगला दिसतो. तवा तापला. पीठ पसरल्याचा चर्र आवाज आला. दागनीनं एक धिरडं उलटलं, साखर भुरभुरली, गुंडाळून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर बसली.

"वास सांगते," ती म्हणाली. "खायचं तर खा, नाही तर नुसतं ऐक. वेलदोड्याचा वास येतोय. अगदी साल्व्योर करायची तसा."

फिन्बोगीनं मान वर केली. "वेलदोडा? साल्व्योर धिरड्यात वेलदोडा कधी घालायची?"

"घालायची की. मला आठवतंय."

"तुला काय कप्पाळ आठवतंय! वेलदोडा ती नाताळच्या पावात घालायची. धिरड्यात लिंबाचा अर्क, आणि तोही दोन थेंब. आणि लोणी आधी तव्यात वितळवून पिठात ओतायची, म्हणून खमंग यायचा, थोडासा करपल्यासारखा..." बोलता बोलता त्यानं धिरड्याचा तुकडा तोडला. "आणि कडा. कडा अशा कुरकुरीत व्हायच्या. आणि शेवटचं धिरडं ती उगाच तव्यावर ठेवायची, माझ्यासाठी, लालबुंद होईपर्यंत."

"छे, मला नाही वाटत," दागनी म्हणाली आणि त्याच्या ताटलीत दुसरं टाकलं. "मला तर दालचिनीसुद्धा वाटतेय."

दालचिनीवरून तो असा भडकला की विचारू नका. साल्व्योरला दालचिनीनं शिंका यायच्या, हे खाडीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं, आणि ही बाई एवढी वर्षं शेजारी राहून! तो सांगत सुटला, लग्नातलं सांगितलं, पहिल्या घरातल्या गळक्या चुलीचं सांगितलं, आणि सूर्य डोंगराच्या खाचेत आला तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. भिंतीवर पिवळा पट्टा पडला, सरकला, फिन्बोगीच्या बाहीवर आला. त्यानं खाली बघितलं. ताटली रिकामी होती. किती धिरडी गेली हे त्याला माहीत नव्हतं, दागनीनं मोजली होती पण ती बोलली नाही.

त्या दुपारी त्याला पुन्हा स्वप्न पडलं. लिंबाचा वास होता, अगदी थोडा.

त्या दिवसापासून दुपारचं जेवण दागनीकडे. ठरवलं कुणी नाही, पण घड्याळात बारा वाजले की तो टोपी घालून निघायचा. भूक सांगत नाही तर घड्याळ सांगेल, असा दागनीचा हिशेब. पोटात कावळे ओरडायची वाट बघत बसलास तर कावळेच तुला खातील, म्हणायची. आणि रोज ती वास चुकीचा सांगायची. मटणाच्या सुपाला म्हणायची, आज बडीशेपेचा वास येतोय. तो म्हणायचा, बडीशेप तुझ्या बापानं घातली होती का, सुपात कोवळ्या सलगमाचा वास असतो, मातकट, गोड, आणि पहिल्या उकळीला मटणाची चरबी... असं करत करत वाटी संपायची. ती मुद्दाम चुकतेय हे त्याला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. त्यानं कळल्याचं दाखवलं नाही. वाद घालायला मिळत असेल तर कोण सोडतो!

आणि शिल्लक काय काय आहे याचाही त्याला हळूहळू शोध लागत गेला. सुका मासा दगडावर कुटून थंड लोण्याबरोबर खाल्ला की दाताखाली कर्रकन वाजतो. ते वाजणं त्याचं स्वतःचं होतं. चक्क्याचा थंडपणा होता. मोहरी झोंबायची, व्हिनेगर गालांना आत ओढायचं. उन्हाळ्यात डोंगरावरची काळी बोरं तोंडात फुटायची ती कळायची. चव नव्हती, पण तोंड अगदीच ओसाड नव्हतं. ज्या दिवसांत सूर्य मावळतच नाही त्या दिवसांत तो आणि दागनी गवत वाळायला घातलेल्या शेताच्या कडेला बसत. ती नाक वर करून म्हणायची, आज काही विशेष नाही. आणि तो डोळे मिटून विशेष काय ते सांगत बसायचा. बोलता बोलता तो अर्धा झोपेत जायचा, आणि ती ऐकत राहायची. तिला स्वतःलाही पुष्कळ वास त्याच्या सांगण्यातून आठवायचे, असं तिनं नंतर सांगितलं. हातोडी आणि खिळा स्वयंपाकघरातून कधी गेला ते कळलं नाही.

शरद ऋतूत ह्याल्तीनं एक दिवस पाकटीचे पंख आणून फिन्बोगीच्या खोपटासमोर धपकन टाकले. नाताळानंतर दोघं बोलले नव्हते.

"घे," ह्याल्ती म्हणाला. "का मी मुरवू? माझ्या हातानं मुरली तर कुत्रं खाणार नाही."

फिन्बोगी पाकटीकडे बघत राहिला. मग म्हणाला की यंदा दोन पिंपं लावू. मोठं गावाचं, त्यावर वाकायला दागनी येईल, तिचं नाक जाग्यावर आहे, ती म्हणेल त्या दिवशी काढू. लहान पिंप माझं. ते माझ्या हिशेबानं मुरेल, ते दुसऱ्या कुणी खायचं नाही. ह्याल्तीनं मान डोलावली. मग दोघांनी मासा कापायला घेतला.

थोरलाकचा दिवस आला. सोलरून आदल्या दिवशीच आली. बापाच्या गालाकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, पण बोलली काही नाही; आणि न बोलण्याचा अर्थ कसा लावायचा ते फिन्बोगीला कळेना. नर्सचा काटा वर सरकला होता, पण थोडाच. मूठभर म्हणजे किती, ते कुठं ठरलं होतं? त्याला रात्रभर तीच टोचणी होती.

बोटखोपीत टेबल मांडलं. मधोमध मोठ्या परातीत गावाची पाकट, दागनीच्या नाकानं काढलेली. फिन्बोगीनं आपलं लहान भांडं झाकण घालून स्वतःच्या पुढ्यात ठेवलं, जरा बाजूला वळून, पथ्याचं जेवण आणलेल्या माणसासारखं. लोक जेवायला लागले. कितीतरी वर्षांनी त्या टेबलावर कुणाचे डोळे वाहत नव्हते, कुणी घाम पुसत नव्हतं. गप्पा चालल्या होत्या, बटाटे इकडून तिकडे जात होते. फिन्बोगीला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. त्यानं भांड्याचं झाकण अर्धं उचललं. पलीकडच्या दोघांनी खुर्च्या मागे सरकवल्या. त्यानं झाकण पुन्हा ठेवलं.

ह्याल्ती तीन-चार घास चावून थांबला. काटा खाली ठेवला.

"हे कुणासाठी शिजवलंय?" तो म्हणाला. "दूधपित्या पोरांसाठी?"

ह्याल्तीनं आपली ताटली उचलली आणि फिन्बोगीच्या पुढे धरली.

"तुझ्यातली वाढ."

"अरे, टाळू सोलून निघेल."

"इतकी वर्षं निघतेय. नाही निघाली तर नाताळ झाल्यासारखं वाटत नाही. वाढ म्हणतो ना!"

फिन्बोगीनं भांड्याचं झाकण काढलं. त्यानं एक तुकडा वाढला, लहानसा. ह्याल्तीनं तो तोंडात घातला, लालबुंद झाला, टेबलाची कड धरली, गिळला, आणि बराच वेळ आवाजच फुटला नाही. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अजून थोडी मुरली असती तरी चाललं असतं." सगळी खोपी हसली. दागनीनं ताटली पुढे केली. आणि तिच्या मागून सोलरूननं केली. नाक न दाबता. तिला ठसका लागला, डोळ्यांतून धारा लागल्या, दक्षिणेची झालेली पोर ती, पण तुकडा तिनं संपवला. फिन्बोगी जेवत होता. या वर्षी त्याला भीक घातल्यासारखं वाटलं नाही. माणसं त्याच्या भांड्यातलं मागून घेत होती, आणि तो वाढत होता.

मग सगळे दागनीच्या दाराशी आले. दार उघडलं. माणसं उंबऱ्यात थांबली, डोळे मिटले. फिन्बोगी मागेच थांबला. त्याला पुढे जायचं नव्हतं. सोलरून वळून त्याच्यापाशी आली आणि तिनं त्याचा हात धरला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बर्चच्या लाकडाची धुरी दिसतेय यंदा."

तो एकदम तिच्याकडे बघायला लागला. तिचे डोळे अजून लाल होते. दागनी चुलीशी, यांच्याकडे पाठ करून उभी होती, उगाच भांड्यात ढवळत.

"बर्च?" फिन्बोगी म्हणाला. "बर्च कसला, वेडे! ही मेंढीच्या शेणाची धुरी. वाळवलेलं शेण, दोन उन्हाळे वाळवलेलं. त्याचा धूर गोड असतो, आणि मग मागून चरबीचा वास येतो, आणि तुझी आई भांड्यात..." आणि तो बोलत बोलत उंबरा ओलांडून आत गेला.

सोलरून ऐकत होती. मध्येच तिनं त्याच्या ताटलीत मटण वाढलं. तो थांबला नाही, घास घेत सांगतच राहिला. आईच्या भांड्यापर्यंत आला, आजीच्या खोपटापर्यंत गेला, परत आला. त्यानं दम घेतला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्या रिकाम्या खोलीत मी शिवणाचं मशीन मांडतेय. चालेल ना?"

फिन्बोगीनं घास गिळला. "मांड," तो म्हणाला. "उजेड बघून मांड."